दिवे कोणाचे, तेल कोणाचे?

‘इ. स. १८४२ च्या नानकिंगच्या तहाने चीनची दारे परकीय व्यापारास खुली झाली.’ हे वाक्य इतिहासाच्या उत्तरपत्रिकांतून मी शेकडो वेळा वाचले आहे आणि दर वेळी मला त्याचा मनस्वी संताप आला आहे. वाक्य व्याकरणशुद्ध आहे. सन बरोबर आहे, तहाचे नाव बरोबर आहे. गुण द्यावेच लागतात. खोटे आहे ते त्यातले क्रियापद. म्हणे ‘खुली झाली’! जणू काही घरच्या बाईने पहाटे सडा घालायला आपण होऊन दार उघडले आणि अंगणात पाहुणे उभे! दार उघडण्याचे दोन प्रकार असतात. एकात कडी आतून निघते, दुसऱ्यात ती बाहेरून लाथ घालून मोडतात. आणि मोडलेल्या दाराला ‘उघडलेले दार’ म्हणण्याचा मान जगात फक्त दरोडेखोराच्या वकिलाला आहे.

हा तह नानकिंगसमोर यांगत्से नदीत नांगरलेल्या ‘कॉर्नवॉलिस’ नावाच्या इंग्रजी युद्धनौकेवर झाला. चिनी सरकारने जप्त करून नष्ट केलेल्या अफूची भरपाई, व्यापाऱ्यांची देणी आणि वर लढाईचा खर्च, असे मिळून दोन कोटी दहा लाख रौप्य डॉलर चीनने द्यायचे ठरले. हाँगकाँग गेले, पाच बंदरे गेली. आता त्या नौकेचे कूळ ऐका. ही ७४ तोफांची नौका १८१३ साली आमच्या मुंबईच्या गोदीत, वाडियांच्या देखरेखीखाली, अस्सल सागवानाची बांधलेली होती. म्हणजे ज्या लाथेने चीनचे दार मोडले, त्या लाथेच्या पायातला जोडा मुंबईत शिवलेला होता! म्हणूनच हा विषय दूरदेशीचा म्हणून पानामागे सारण्याची सोय आपल्याला नाही.

समुद्राच्या बाजूच्या पाच बंदरांनी भूक भागली असती, तर तीही गोष्ट निराळी होती. पण १८५६ साली दुसरे युद्ध निघाले, १८५८ साली तिएन्त्सिनचा तह झाला, १८६० साली पेकिंगजवळचा बादशहाचा ग्रीष्मप्रासाद जाळून त्या तहावर शिक्कामोर्तब झाले आणि यांगत्से नदी परकीय जहाजांना मोकळी झाली. चिनकियांग, किउकियांग, हांकौ ही नदीकाठची शहरे ‘तहाची बंदरे’ बनली. पुढे १८७६ च्या कराराने वूहू आणि इचांग, आणि १८९१ साली पार सेचुआन प्रांतातले चुंगकिंग. समुद्रावरचे बंदर हा घराचा उंबरठा असतो. नदीवरचे बंदर म्हणजे माजघर. हांकौ शांघायपासून नदीने सुमारे सहाशे मैल आत आहे. आपल्या गोदावरीच्या मुखातून परक्यांच्या तोफनौका शिराव्यात, राजमहेंद्रीवरून वर वर येत त्यांनी नांदेडच्या घाटाला नांगर टाकावा, घाटाच्या शेजारची जमीन आखून घ्यावी आणि तिथे आपली पोलीसचौकी, आपली कचेरी, आपला क्लब थाटावा, अशी कल्पना करून पाहा. हांकौला हे एकदा नव्हे, पाचदा झाले. १८६१ साली इंग्रज आले. १८९५ नंतर तीनचार वर्षांत जर्मन, रशियन, फ्रेंच आणि जपानी आले. एकाच नदीकाठावर पाच राष्ट्रांची पाच राज्ये ओळीने बसली, आणि ज्यांची नदी ते मात्र पलीकडे, हान नदीच्या मुखाशी दाटीवाटीने वसलेल्या जुन्या गावात राहिले.

‘पण व्यापार वाढला ना?’ असे विचारणारे महाभाग आपल्यात पुष्कळ आहेत. व्यापार म्हणजे काय, हे आठवड्याच्या बाजारात मेथीच्या जुड्या विकणाऱ्या बाईलाही समजते. माल घ्यायचा की नाही हे गिऱ्हाइकाने ठरवायचे, भाव दोघांनी मिळून ठरवायचा आणि बाजाराची पट्टी किती हे गावाने ठरवायचे. या तिन्ही गोष्टी असतील तर तो व्यापार. नसतील तर त्याला दुसरे नाव शोधावे. आयात मालावरची जकात सुमारे शेकडा पाच, यापेक्षा जास्त नाही, हे चीनच्या बादशहाने नव्हे, तहाने ठरवले. त्यावर आणखी शेकडा अडीच भरले की परदेशी माल देशभर कुठेही जायला मोकळा. आणि चिनी व्यापाऱ्याचा स्वतःच्या देशात पिकलेला माल मात्र नाक्यानाक्यावर थांबून ‘लिकिन’ नावाची पट्टी भरत जायचा! जकातखात्याचे नाव चिनी सरकारचे, पण त्याचा मुख्य रॉबर्ट हार्ट नावाचा साहेब. तो १८६३ पासून १९११ पर्यंत त्या पदावर होता. त्याच्या कारभारात शिस्त होती, हिशेब चोख होते, हे मी मोकळ्या मनाने मान्य करतो. पण चोख हिशेबाने जमलेला पैसा जातो कुठे, हे विचारायचे की नाही? १९०१ साली बॉक्सरांच्या बंडाचा दंड म्हणून चीनवर पंचेचाळीस कोटी ‘ताएल’ चांदीचे ओझे टाकले गेले. ते एकोणचाळीस वर्षांत व्याजासह फेडायचे होते, आणि त्याला तारण म्हणून मुख्यतः हेच जकातीचे उत्पन्न लावून घेतले. सावकाराचाच मुनीम आपल्या दुकानाच्या गल्ल्यावर बसवायचा आणि वर मुनीम किती प्रामाणिक म्हणून शेजाऱ्यांना सांगत सुटायचे, यातला हा प्रकार!

एवढे झाल्यावर कायदा तरी सारखा असावा. तोही नव्हता. परकीयाने चिनी माणसाला मारले, लुबाडले, तरी त्याचा न्याय त्याच्याच वकिलातीच्या कोर्टात, त्याच्याच देशाच्या कायद्याने व्हायचा. इंग्लंड-अमेरिकेने हा हक्क सोडला तो १९४३ साली, म्हणजे नानकिंगच्या तहाला शंभर वर्षे उलटून गेल्यावर.

आता त्या प्रसिद्ध धक्क्यावर, त्या ‘बंडा’वर चला. त्याची वर्णने वाचून आमच्यातले काही रसिक अजून उसासे टाकतात. रुंद रस्ता, झाडांची रांग, बँकांचे खांब, १९२४ साली पुरी झालेली जकातकचेरी आणि तिच्या मनोऱ्यातले घड्याळ, संध्याकाळी पाण्यात पडणारी दिव्यांची प्रतिबिंबे. सुंदर होते, यात शंका नाही. पण त्या घड्याळाखाली काय चालत होते? वसंत सरता सरता नव्या चहाचा हंगाम सुरू व्हायचा. एके काळी लंडनच्या बाजारात पहिला चहा कोणाचा पोचतो याची शर्यत लावून समुद्रावरची मोठी जहाजे सहाशे मैल आत हांकौपर्यंत यायची. चहाच्या पेट्या बोटीत जायच्या त्या माणसांच्या खांद्यावरून, बांबूच्या कावडीने, नाचणाऱ्या फळ्यांवरून, हुंकाराच्या तालावर. रशियनांच्या कारखान्यांत चहाचा चुरा यंत्राने दाबून विटा पाडायचे. त्या विटा मंगोलियात आणि सायबेरियात जायच्या. पुढे इंग्रजांनी आसामात आणि सिलोनात स्वतःचे मळे उभे केले आणि १८८० नंतरच्या दशकात चिनी चहाकडे पाठ फिरवली. ज्या चहासाठी हांकौचे दार मोडले, त्या चहाची गरज संपली. पण मोडलेल्या दारातून आत आलेला पाहुणा काही उठला नाही. चहा गेला तर तुंग झाडाच्या बियांचे तेल, डुकरांचे केस, तीळ, कातडी, सुकवलेली अंडी. शेतकऱ्याच्या परसातल्या कोंबडीचे अंडेसुद्धा हांकौच्या कारखान्यात फुटून, वाळून, विलायतेला जाऊ लागले.

आणि आत काय यायचे? कापड, सिगारेटी आणि रॉकेल. अमेरिकन कंपनीने खेड्यापाड्यांत स्वस्त दिवे पसरले आणि दिव्यांच्या मागोमाग तेल विकले. रिकाम्या डब्यांचे चिनी बायकांनी काय केले हे आपल्या बायकांना सांगायला नको. पाणी भरायचा डबा इथेही तोच आणि तिथेही तोच! इचांगच्या वर नदी डोंगरांच्या अरुंद खिंडींत शिरते. तिथे माल भरलेली गलबते प्रवाहाविरुद्ध वर न्यायची, तर माणसांच्या रांगा कड्यावरून वेताच्या-बांबूच्या दोरखंडांनी ती ओढायच्या. दोर तुटला की माल बुडायचा आणि माणसेही जायची. आगबोटी आल्या आणि या लोकांचे काम गेले. वर आगबोटींच्या लाटांनी लहान होड्या उलटू लागल्या. १९२६ साली वानशिएन गावाजवळ असेच झाले. एका इंग्रज आगबोटीच्या लाटांनी होड्या बुडाल्या, माणसे मेली. तिथल्या चिनी सेनापतीने भरपाईसाठी इंग्रजांच्या बोटी अडकवून ठेवल्या. आणि ५ सप्टेंबरला इंग्रज तोफनौकांनी गावावर तोफा डागल्या. माणसे मेली, घरे जळाली. व्यापारातला तंटा होता. उत्तर तोफेने आले. ‘खुला व्यापार’ म्हणतात तो हाच!

शांघायच्या नदीकाठच्या सार्वजनिक बागेची कथा सर्वांना ठाऊक आहे. ‘कुत्र्यांना आणि चिन्यांना मज्जाव’ अशी पाटी तिथे होती असे सांगतात. त्यावर काही विद्वान संशोधन करून सांगतात की पाटीचे शब्द नेमके तसे नव्हते. बाग परकीय समाजासाठी राखीव आहे हे कलम वेगळे, आणि कुत्र्यांविषयीचे कलम वेगळे! वा! केवढा दिलासा! १८६८ साली उघडलेली बाग चिनी माणसाला १९२८ साली मोकळी झाली. साठ वर्षे आपल्याच गावच्या हिरवळीवर पाऊल टाकता न आलेल्या माणसाला, त्याचा अपमान कोणत्या कलमात नोंदला होता याची चौकशी करायला सांगणारे हे विद्वान धन्य होत.

या वसाहतींच्या बाजूने आणखी एक युक्तिवाद करतात, आणि तो जरा वजनदार आहे. चिनी बादशाहीच्या जुलमापासून पळणाऱ्या सुधारकांना आणि क्रांतिकारकांना या वसाहतींनीच आसरा दिला, असे म्हणतात. काही अंशी खरे आहे. ज्या क्रांतीने मांचूंचे राज्य बुडाले, तिचे बाँब हांकौच्या रशियन वसाहतीतच तयार होत होते. पण पुढे काय झाले तेही सांगा. ९ ऑक्टोबर १९११ रोजी त्यातला एक बाँब चुकून उडाला. रशियन पोलिसांनी छापा घातला आणि क्रांतिकारकांची सापडलेली कागदपत्रे व नावांच्या याद्या मांचू अधिकाऱ्यांच्या हवाली केल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे नदीपलीकडे वूचांगमध्ये तिघांचा शिरच्छेद झाला. त्याच रात्री वूचांगच्या सैनिकांनी उठाव केला तो याद्यांत आपलीही नावे आहेत हे जाणून. आसरा होता तो भिंतींच्या आडोशाचा. घरमालकाच्या मनात आसरा नव्हता.

इथपर्यंत वाचून ‘साहेब वाईट’ म्हणत मान डोलावणे सोपे आहे. आता अवघड भाग. यांगत्सेच्या काठावर साहेबाच्या तोंडी जे शब्द रुळले होते ते पाहा. धक्क्याला ‘बंड’ म्हणायचे, हा आपला बंध, बांध. चांदीची नाणी वाजवून पारखणारा तो ‘श्रॉफ’, म्हणजे आपला सराफ. मालावरचा शिक्का ‘चॉप’, म्हणजे आपली छाप. क्लबात प्याला रिचवून पैशांऐवजी ज्यावर सही ठोकायची ती ‘चिट’, म्हणजे आपली चिठ्ठी. आणि पाठीवर ओझे वाहणारा ‘कुली’ तर आपलाच. शब्द उगीच प्रवास करीत नाहीत. मालाबरोबर आणि माणसांबरोबर जातात. आणि आपला माल कोणता होता? अफू. माळव्यातली, उज्जैन-इंदूरकडची, शिंदे-होळकरांच्या मुलखात पिकलेली अफू पेट्या भरभरून मुंबईच्या बंदरातून जायची. दर पेटीमागे कंपनी सरकार परवान्याची पट्टी घ्यायचे. जमीनमहसुलाखालोखाल ब्रिटिश हिंदुस्थानच्या तिजोरीचा एके काळी तो मोठा आधार होता. १८५८ नंतर चीनच्या जकातीच्या पत्रकात ती उजळ माथ्याने दाखल झाली. पिकलामागे, म्हणजे दीड मणाहून थोड्या अधिक वजनामागे, तीस ताएल जकात आणि नाव काय, तर ‘विलायती औषध’! नाव औषधाचे, घरेदारे मात्र विकली जात होती.

सर जमशेटजी जीजीभॉय हे दानशूर पुरुष, याविषयी दुमत नाही. १८४५ चे जे. जे. रुग्णालय, १८५७ ची कलाशाळा, माहीमचा पूल, पुण्याचा बंधारा. हजारो गोरगरिबांनी त्यांना दुवा दिला. पण त्यांच्या संपत्तीचा मोठा झरा कँटनच्या अफूच्या व्यापारातून वाहत होता, हेही तितकेच खरे. ज्या १८४२ साली नानकिंगचा तह झाला, त्याच साली ते ‘सर’ झाले. ससून घराण्याचेही तेच. पुण्याच्या ससून रुग्णालयात आपल्यापैकी कितीकांचे प्राण वाचले असतील. पण त्या घराण्याच्या शांघायच्या पेढीत काय विकले जात होते, हे त्या दगडी भिंती सांगत नाहीत. ही रुग्णालये पाडा, नावे पुसा असे मी म्हणत नाही. तो पोरकटपणा झाला. मी म्हणतो, वहीची दोन्ही पाने वाचा. लक्ष्मीपूजनाला आपण वहीवर ‘शुभ’ आणि ‘लाभ’ असे दोन वेगळे शब्द लिहितो. आपल्या वाडवडिलांना ठाऊक होते की दोन्ही एक नव्हेत. नाहीतर एकाच शब्दात भागले असते.

मालाबरोबर माणसेही गेली. १८४० च्या युद्धात मद्रासचे शिपाई होते. वसाहतींच्या चौकांत दांडा घेऊन उभे होते ते पगडीवाले शीख पोलीस. ३० मे १९२५ रोजी शांघायच्या रस्त्यावर निदर्शकांवर गोळीबार झाला. हुकूम इंग्रज इन्स्पेक्टरचा, बंदुका धरणाऱ्यांत आपले शीख होते. स्वतःच्या घरी गुलाम असलेल्या माणसाला दुसऱ्याच्या घरी पहारेकरी नेमण्याची ही युक्ती साहेबाला छान साधली होती. ती ओळखणारेही आपल्यातच निघाले, हे आपले भाग्य. दादाभाई नवरोजींनी या अफूच्या उत्पन्नावर कठोर टीका केली. १९२७ साली हिंदी फौज शांघायला धाडली, तेव्हा राष्ट्रसभेने निषेध केला आणि ब्रुसेल्सच्या परिषदेत जवाहरलालजींनी चिनी प्रतिनिधींच्या हातात हात दिला.

आणि ज्यांना अजूनही वाटते की बंदुकीवाचून व्यापार टिकला नसता, त्यांना हांकौनेच उत्तर दिले आहे. जानेवारी १९२७ मध्ये चिनी जमाव इंग्रजांच्या वसाहतीवर चालून गेला. त्याआधी दीड वर्षापूर्वी, जून १९२५ मध्ये, अशाच जमावावर तिथे मशीनगन चालली होती. या वेळी ती चालली नाही. इंग्रज खलाशी बोटींवर परतले आणि १९ फेब्रुवारीला वसाहत चीनला परत देण्याचा करार झाला. हांकौचा व्यापार बुडाला काय? मुळीच नाही. त्याच इंग्रज कंपन्यांच्या बोटी त्याच धक्क्याला लागत राहिल्या, तेच तुंगतेल भरत राहिल्या. पुढच्या वर्षीपासून जकात ठरवण्याचा हक्क चीनने एकेका राष्ट्राकडून परत मिळवला आणि जकातीचे उत्पन्न वाढले. दाराला कडी बसली आणि गिऱ्हाईक तरीही आले! म्हणजे लाथेची गरज व्यापाराला कधी नव्हतीच. ती होती नफेखोरीला.

कोणी म्हणेल, ‘१९६२ साली याच चीनने आपल्या सीमेवर काय केले ते विसरलात काय? त्याच्या जुन्या दुःखाचे आम्हाला काय?’ विसरलो नाही, आणि विसरूही नये. पण १९६२ चा हिशेब १९६२ च्या वहीत लिहायचा. तो १८४२ च्या वहीत घालून अफूची पेटी गंगाजळाची होत नाही. शिवाय आपण आपले पाप मोजतो ते दुसऱ्याच्या पुण्यावर अवलंबून ठेवून मोजत नसतो.

मुंबईहून चीनला काय काय गेले याची यादी करायची तर अफू आणि युद्धनौका एवढ्यावर ती थांबवणेही अन्याय होईल. गिरणगावात कोकणच्या माणसांनी कातलेले सूत गेले. ते चुंगकिंगच्या मागांवर चढले, चिनी अंगावर कापड झाले. आणि १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबईच्या धक्क्यावरून पाच डॉक्टर गेले. त्यांतले द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे, चोळकर नागपूरचे. जपानी फौजा हांकौवर चालून येत असताना हे डॉक्टर त्याच शहरात जखमींची सेवा करायला पोचले. महिन्याभरात हांकौ पडले. ते नदीने वर इचांग, चुंगकिंग करीत पुढे गेले. डॉ. कोटणीस ९ डिसेंबर १९४२ रोजी तिकडेच वारले. ज्या नदीत आपल्या सागवानाने तोफा वाहिल्या, त्या नदीने ही औषधाची पेटीही वाहिली, आणि या पेटीवर ‘औषध’ हे नाव खोटे नव्हते.

उद्या तुमच्या-माझ्या अंगणात कोणी येईल, भिंतीला नवा रंग, रस्त्याला नवे दिवे देऊ करील आणि म्हणेल, ‘जरा दार उघडा.’ अवश्य उघडावे. पाहुण्याला पाणी द्यावे, माल पाहावा, भाव करावा. दिवाळीत दारे लावून बसणारे आपण नव्हेत. फक्त कडी आपल्या हाती असावी, जकात आपण ठरवलेली असावी आणि दिव्यातले तेल कोणाच्या घाण्यातून, कोणाच्या घामातून आले, हे विचारायला जीभ कचरू नये.